परवडणारा निवारा आणि महाविद्यालयीन यश : सिंधुदुर्गनगरीच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

उच्च शिक्षणातील गळतीचा विचार करताना आपण बहुधा शुल्क, गुणवत्ता आणि अभ्यासक्रम यांची चर्चा करतो. विद्यार्थी रात्री कोठे राहतो, काय जेवतो आणि सकाळी किती अंतर तोडून वर्गात येतो, हे प्रश्न मात्र दुय्यम मानले जातात. प्रस्तुत लेखात निवाऱ्याचा आधार आणि शैक्षणिक यश यांतील कार्यकारणसंबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. महाराष्ट्रातील वसतिगृह-चळवळीची पूर्वपीठिका, सिंधुदुर्ग जिल्ह्याची विशिष्ट परिस्थिती, शासकीय निर्वाहभत्ता योजनांचे गणित आणि स्थानिक पातळीवर शक्य असलेले उपाय यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : वसतिगृह, निर्वाहभत्ता, गळती, स्वाधार योजना, कमवा आणि शिका, सिंधुदुर्गनगरी.

१. प्रस्तावना

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. कुडाळ तालुक्यातील ओरोस येथे सिंधुदुर्गनगरी हे जिल्ह्याचे मुख्यालय वसविण्यात आले. मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ले यांसारखी ही जुनी बाजारपेठेची गावे नव्हेत. शासकीय कार्यालयांसाठी आखलेली ही नगरी आहे. येथे जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली, जिल्हा रुग्णालय आले. पुढे २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. कार्यालयाबरोबर कर्मचाऱ्याच्या निवासाचा विचार होतो. विद्यार्थ्याच्या निवासाचा विचार मात्र बहुधा मागाहून होतो. तो मागाहून झाला की त्याची किंमत सर्वांत दुर्बल विद्यार्थ्याला मोजावी लागते.

या जिल्ह्यातील मुले अभ्यासात मागे आहेत, असे कोणी म्हणू शकणार नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ बारावीच्या निकालात राज्यात सातत्याने अग्रस्थानी राहिले आहे. २०२५ च्या बारावीच्या परीक्षेत राज्याचा निकाल ९१.८८ टक्के, तर कोकण विभागाचा ९६.७४ टक्के लागला. म्हणजे पदवीच्या उंबरठ्यापर्यंत येथील जवळजवळ प्रत्येक परीक्षार्थी पोहोचतो. त्यानंतर काय होते, हा खरा प्रश्न आहे. बारावीपर्यंतची शाळा बहुतेकांना गावात किंवा शेजारच्या गावात मिळते. पदवीचे, परिचारिका प्रशिक्षणाचे अथवा व्यावसायिक शिक्षणाचे महाविद्यालय मिळत नाही. गुणांची अडचण संपते त्या ठिकाणी अंतराची अडचण सुरू होते.

२. 'परवडणारा निवारा' म्हणजे काय?

निवारा म्हणजे केवळ छप्पर नव्हे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने निवाऱ्यात पाच गोष्टी अंतर्भूत होतात : झोपण्यास सुरक्षित जागा, दोन वेळचे जेवण, अभ्यासासाठी दिवा व शांतता, स्नान-शौचाची सोय आणि महाविद्यालयापर्यंतचे चालण्याजोगे अंतर. यांपैकी एक जरी गोष्ट नसली तरी उरलेल्या चारांचा उपयोग कमी होतो.

'परवडणारा' हा शब्द मात्र सापेक्ष आहे. घराचे भाडे उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून अधिक नसावे, असा एक संकेत अनेक देशांत मानला जातो. विद्यार्थ्याला स्वतःचे उत्पन्न नसल्यामुळे हा संकेत त्याला थेट लागू करता येत नाही. कुटुंबाच्या उत्पन्नातून त्याच्यासाठी वेगळी चूल मांडावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका विद्यार्थ्याच्या निवास, भोजन व निर्वाहासाठी शासनाने स्वाधार योजनेत वर्षाला ४३,००० रुपये धरले आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपये असेल तर ही रक्कम त्याच्या सुमारे १७ टक्के होते. उत्पन्न एक लाख असेल तर ४३ टक्के होते. घरात शिकणारी मुले दोन असतील तर दुसऱ्याचे शिक्षण कोणत्या टप्प्यावर थांबणार, हे या हिशेबातच ठरून जाते. बहुतेक वेळा ती मुलगी असते.

शुल्क आणि निवास यांत आणखी एक मूलभूत फरक आहे. शुल्क वर्षातून एकदा किंवा दोनदा भरावयाचे असते, त्याला मुदत मागता येते, त्यात सवलत मिळते. जेवण आणि भाडे यांना मुदत नसते. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात शंभर टक्के सवलत दिली. हा निर्णय स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क माफ झाल्यानंतरही मुलगी घर ते महाविद्यालय हे अंतर कसे पार करणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच. किंबहुना शुल्काचा अडसर दूर झाल्यावर तो अधिक ठळकपणे समोर येतो.

३. पूर्वपीठिका : वार लावण्यापासून वसतिगृहापर्यंत

गरीब विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवण्याचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. माधुकरी मागणे किंवा सात घरी सात वार लावून जेवणे, ही जुनी व्यवस्था होती. ती अनेकांना उपयोगी पडली. पण ती दात्याच्या मर्जीवर आणि विद्यार्थ्याच्या जातीवर अवलंबून होती. ज्याला घराच्या ओटीवरच प्रवेश नव्हता, त्याला वार कोण देणार?

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण बोलके आहे. वडिलांच्या निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी आपल्या पंधरा रुपये मासिक पगारातून आठ रुपये गोपाळरावांच्या शिक्षणासाठी पाठविले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या परगावी राहण्यासाठी कुटुंबाच्या मिळकतीचा निम्म्याहून अधिक भाग खर्च होत होता. गोविंदरावांनी तो त्याग केला म्हणून देशाला गोखले मिळाले. असा भाऊ ज्यांना नव्हता, त्यांची नोंद इतिहासात नाही.

हा प्रश्न दात्याच्या मर्जीवरून संस्थेच्या जबाबदारीवर आणण्याचे श्रेय राजर्षी शाहू महाराजांना द्यावे लागेल. १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशा विविध समाजांसाठी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह स्थापन झाले. कोल्हापुरास वसतिगृहांची जननी म्हटले जाते, ते यामुळेच. ही वसतिगृहे जातवार होती, ही त्यांची मर्यादा होय. परंतु त्या काळी ज्याला कोणीच घरात घेत नव्हते त्याला हक्काची खोली मिळाली, हेही तितकेच खरे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ही मर्यादा ओलांडली. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. सातारा येथील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांना आपले मंगळसूत्रही मोडावे लागले, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. तिचा शैक्षणिक अर्थ मात्र क्वचितच लक्षात घेतला जातो. मुलांचे दोन दिवसांचे जेवण चुकले तर ती गावी परततील आणि गावी परतलेले मूल पुन्हा येणार नाही, हे त्या माउलीने ओळखले होते. 'कमवा आणि शिका' हे सूत्रही वसतिगृहाच्या याच गरजेतून बळावले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि या सभेने हाती घेतलेल्या आरंभीच्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ मधील सोलापूरचे वसतिगृह होय. पालगडसारख्या कोकणातील गावातून आलेले साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना छात्रालय सांभाळीत आणि मुलांसाठी 'छात्रालय' दैनिक हाताने लिहून काढीत. वसतिगृह हे शाळेइतकेच शिक्षणाचे स्थान आहे, ही दृष्टी त्यामागे होती. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५५ मध्ये, डॉ. अच्युतराव आपटे यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. ग्रामीण भागातील गरजू मुलामुलींना अल्प खर्चात निवास-भोजन देणे आणि त्यांच्याकडून श्रमाची अपेक्षा ठेवणे, ही तिची पद्धती आजही चालू आहे.

कोकणाने मात्र आपली स्वतःची एक व्यवस्था निर्माण केली होती, तिचा उल्लेख शिक्षणाच्या इतिहासात फारसा होत नाही. मुंबईत गिरणगावात अनेक गावांच्या ग्रामस्थ मंडळांच्या सामाईक खोल्या असत. गावचा माणूस मुंबईत उतरला की ट्रंक त्या खोलीत ठेवी, खाणावळीत जेवे आणि पाळी संपली की पथारी पसरी. या खोल्या कामगारांसाठी होत्या. पण त्यांच्याच आधाराने रात्रशाळेत अथवा सकाळच्या महाविद्यालयात शिकणारे तरुणही निघाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाने नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, तेव्हा अशा विद्यार्थ्यांना वाट मिळाली. गावाने एकत्र येऊन आपल्या माणसासाठी परक्या शहरात परवडणारी जागा राखावी, ही कल्पना कोकणी माणसाला शिकवावी लागत नाही. आज ती उलट दिशेने वापरण्याची गरज आहे, याचा विचार पुढे केला आहे.

४. सिंधुदुर्गची विशिष्ट परिस्थिती

(अ) विखुरलेली वस्ती. कोकणातील गाव म्हणजे वाड्यांचा समूह. वाडीपासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालणे, तेथून तालुक्यापर्यंत एक गाडी आणि पुढे दुसरी गाडी, असा प्रवास अनेकांच्या वाट्याला येतो. विद्यार्थ्यांना मासिक पासावर भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते. ही सवलत पैसा वाचविते, वेळ वाचवीत नाही. गावात रात्री मुक्कामाला येणारी वस्तीची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवसाचे पहिले तासही चुकतात.

(आ) पाऊस. पहिले सत्र जूनमध्ये सुरू होते आणि याच चार महिन्यांत जिल्ह्यातील बहुतेक सर्व पाऊस पडतो. साकव आणि कॉजवे पाण्याखाली गेले की वाडीचा संपर्क तुटतो. नवीन अभ्यासक्रमाची पायाभरणी ज्या आठवड्यांत होते, नेमक्या त्याच आठवड्यांत दूरच्या विद्यार्थ्याची अनुपस्थिती वाढते. प्रात्यक्षिकांच्या विषयांत ही उणीव पुढे भरून निघत नाही.

(इ) उत्पन्नाचे वेळापत्रक. प्रवेश, अनामत आणि पहिल्या महिन्याचे भाडे यांची गरज जून-जुलैमध्ये पडते. हाच काळ भाताच्या पेरणी-लावणीचा असल्याने हातातील पैसा शेतात गेलेला असतो. आंब्याचा हंगाम संपलेला असतो. किनाऱ्यावरील यांत्रिक नौकांवरील मच्छीमारांना १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदीमुळे मिळकत नसते. वर्षभराच्या सरासरीने पाहता ज्या कुटुंबाला मुलाचा खर्च झेपू शकतो, त्याच कुटुंबाला जूनमध्ये तो झेपत नाही. गरिबी ही केवळ रकमेची नसते, तारखेचीही असते.

(ई) पर्यटन. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घरोघरी न्याहारी-निवासाच्या खोल्या निघाल्या आणि अनेक कुटुंबांना त्यातून आधार मिळाला. परंतु जी खोली पर्यटकास एका रात्रीसाठी देता येते, ती विद्यार्थ्याला महिन्याच्या भाड्याने देणे मालकाला तोट्याचे वाटते. सुटीच्या हंगामात खोली रिकामी करून देण्याची अट घातली जाते आणि दिवाळी व मे महिन्याच्या आगेमागे परीक्षा असतात. यात मालकाचा दोष काढता येणार नाही. बाजाराचा तो स्वाभाविक परिणाम आहे.

(उ) कुलूपबंद घरे. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना ज्या मोजक्या जिल्ह्यांची घटली, त्यांत सिंधुदुर्गचा समावेश होतो. चाकरमान्यांची घरे गावोगावी बंद आहेत. गणेशचतुर्थी, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरती ती उघडतात. एकीकडे विद्यार्थ्याला खोली नाही आणि दुसरीकडे घराला माणूस नाही, असा हा विरोधाभास आहे.

५. निवारा यश कसे घडवितो?

निवाऱ्यामुळे विद्यार्थी अधिक बुद्धिमान होत नाही. त्याची बुद्धी अभ्यासापर्यंत पोहोचते. ही प्रक्रिया कशी घडते, हे टप्प्याटप्प्याने पाहणे उपयुक्त ठरेल.

पहिला घटक वेळेचा. समजा, दोडामार्ग तालुक्यातील एखाद्या वाडीतील विद्यार्थिनीने सिंधुदुर्गनगरी परिसरात प्रवेश घेतला आणि तिला जाऊन-येऊन रोज चार तास लागतात. वर्षात अध्यापनाचे १८० दिवस धरले तर प्रवासात ७२० तास जातात. नव्या श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचे अध्ययन आणि वर्षाचे ४० श्रेयांक म्हणजे १,२०० तास. म्हणजे वर्षाच्या अभ्यासाला अपेक्षित असलेल्या वेळेच्या साठ टक्के, चोवीस श्रेयांकांइतका वेळ, केवळ रस्त्यावर खर्च होतो. ही विद्यार्थिनी जवळ राहणाऱ्या मैत्रिणीच्या बरोबरीने एकाच प्रश्नपत्रिकेला बसते.

दुसरा घटक शरीराचा. पहाटे साडेचारला उठून, सकाळचा डबा दुपारी थंड खाऊन, सायंकाळी सातला घरी परतणाऱ्या मुलीला घरची कामे चुकत नाहीत. अपुरी झोप आणि अपुरे अन्न यांचा परिणाम प्रथम एकाग्रतेवर, नंतर उपस्थितीवर आणि अखेरीस निकालावर होतो.

तिसरा घटक सहवासाचा. ग्रंथालय सायंकाळी उघडे असते तेव्हा दूरचा विद्यार्थी थांब्यावर उभा असतो. गटचर्चा, खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शन या सर्वांस तो मुकतो. ज्याच्या घरात पदवीधर कोणी नाही, त्याला अर्ज कसा भरावा, शिष्यवृत्तीची मुदत केव्हा संपते, पुढे कोणता अभ्यासक्रम घ्यावा, हे सहाध्यायीच सांगतात. वसतिगृहात ही माहिती न मागता मिळते.

चौथा घटक निश्चिततेचा. पुढच्या महिन्याचे भाडे येईल की नाही या विवंचनेत असलेला विद्यार्थी प्रत्येक निर्णय नजीकचा घेतो. मिळेल ते काम पत्करतो, तास बुडवितो, एक सत्र सोडतो. 'पुढच्या वर्षी परीक्षा देईन' असे म्हणून गेलेल्यांपैकी किती परत येतात, हे प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या हजेरीपटावर पाहावे. गळती ही बहुधा एका दिवसात होत नाही. ती लाल शाईच्या गैरहजेरीने हळूहळू होते आणि तिचे कारण कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते.

पाचवा घटक विशेषतः मुलींच्या बाबतीत महत्त्वाचा, तो सुरक्षिततेचा. पालक मुलीला शिकवू इच्छित नाहीत असे नव्हे; ती कोठे राहील आणि तिच्यावर कोणाचे लक्ष असेल, याचे समाधानकारक उत्तर त्यांना हवे असते. गृहप्रमुख असलेले, महाविद्यालयाच्या देखरेखीखालील निवासस्थान हे ते उत्तर होय.

६. शासकीय योजना आणि त्यांचे गणित

सामाजिक न्याय विभागाची चारशेहून अधिक वसतिगृहे राज्यात आहेत. आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र वसतिगृहे आहेत. तथापि जागा अपुऱ्या पडू लागल्याने शासनाने २०१६-१७ पासून रोख साहाय्याचा मार्ग अवलंबिला. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाल्या. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आली. २०२३ मध्ये इतर मागास वर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा निर्णय झाला. तीत प्रत्येक जिल्ह्यात ६०० याप्रमाणे ३६ जिल्ह्यांत २१,६०० विद्यार्थ्यांची तरतूद आहे. याच प्रवर्गांसाठी प्रत्येक जिल्ह्यात मुलांचे एक व मुलींचे एक, अशी प्रत्येकी शंभर क्षमतेची एकूण ७२ वसतिगृहे मंजूर करण्यात आली.

स्वाधार योजनेच्या मूळ रचनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी ६०,०००, अन्य विभागीय व महापालिका शहरांसाठी ५१,००० आणि इतर ठिकाणांसाठी ४३,००० रुपये वार्षिक साहाय्य आहे. शेवटच्या रकमेची फोड भोजनासाठी २५,०००, निवासासाठी १२,००० आणि निर्वाहासाठी ६,००० अशी आहे. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले तर भोजनास महिना २,५०० म्हणजे दिवसाला सुमारे ८३ रुपये आणि निवासास महिना १,२०० रुपये होतात. एकट्याने खोली घेणाऱ्यास ही रक्कम अपुरी पडेल. चौघांनी एकत्र येऊन घर घेतल्यास त्यांच्याकडे भाड्यापोटी महिना ४,८०० रुपये जमतात. म्हणजे योजनेचा खरा उपयोग विद्यार्थी एकटा असताना होत नाही, संघटित असताना होतो. हे संघटन घडवून आणण्याचे काम मात्र कोणत्याही योजनेत कोणाकडे सोपविलेले नाही.

दुसरी अडचण क्रमाची आहे. योजनेचा अर्ज प्रवेशानंतर करावयाचा, त्याबरोबर निवासाचा पुरावा द्यावयाचा आणि छाननीनंतर रक्कम बँक खात्यात जमा व्हावयाची, असा क्रम आहे. घर आधी घ्यावे लागते आणि पैसे नंतर येतात. ज्याच्याकडे आधी घर घेण्याइतके पैसे नाहीत, त्याच्यासाठीच ही योजना आहे, हे लक्षात घेतले तर या क्रमातील विसंगती ध्यानात येईल.

७. अन्यत्रचा अनुभव आणि एक सावधगिरी

फ्रान्समध्ये १९५५ च्या कायद्याने विद्यार्थी-निवास व भोजनगृहे यांसाठी राष्ट्रीय व प्रादेशिक यंत्रणा उभारली गेली. विद्यापीठ शिकविते आणि ही यंत्रणा विद्यार्थ्याच्या राहण्या-जेवण्याची व्यवस्था पाहते, अशी तेथे कामाची विभागणी आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा या शहरात २०१४ मध्ये तेथील गृहनिर्माण प्राधिकरण आणि सामुदायिक महाविद्यालय यांनी संयुक्तपणे बेघर अथवा बेघर होण्याच्या बेतात असलेल्या विद्यार्थ्यांना भाड्यासाठी साहाय्य देण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याच्या मूल्यमापनातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. निवड झालेल्या अनेकांना साहाय्य मंजूर होऊनही मुदतीत घर मिळू शकले नाही. कागदपत्रे, अनामत आणि घरमालकाची संमती या पायऱ्यांवरच ते अडखळले. केवळ रोख साहाय्य पुरेसे नाही. ती रक्कम आणि प्रत्यक्ष खोली यांना जोडणारा माणूस लागतो, हा धडा आपल्यालाही लागू पडतो.

येथे एक सावधगिरी नमूद करणे आवश्यक आहे. वसतिगृहातील विद्यार्थ्यांचे निकाल चांगले लागतात, एवढ्यावरून सर्व श्रेय वसतिगृहास देता येणार नाही. वसतिगृहाचा प्रवेश बहुतेक ठिकाणी गुणानुक्रमे होतो. चांगल्या गुणांची मुलेच तेथे येतात. म्हणून तुलना करावयाची असेल तर प्रवेश मिळालेल्या आणि थोडक्या गुणांनी हुकलेल्या विद्यार्थ्यांची करावी लागेल. तसेच अस्वच्छ, गर्दीचे, निकृष्ट भोजनाचे वसतिगृह उपकारक ठरत नाही. निवारा ही यशाची आवश्यक अट आहे. ती पुरेशी अट नव्हे.

८. स्थानिक पातळीवरील उपाय

(१) प्रवेशअर्जात निवासाची नोंद : विद्यार्थी कोठून येतो, किती वेळ लागतो, कोठे राहणार आहे, हे तीन प्रश्न प्रवेशाच्या वेळीच विचारले जावेत. पहिल्या सत्राच्या मध्यास उपस्थितीशी ही नोंद पडताळून पाहिली तर धोक्यातील विद्यार्थी गळण्यापूर्वी ओळखता येतील. यास कोणताही खर्च नाही.

(२) जून महिन्याचा फिरता निधी : माजी विद्यार्थी, शिक्षक व स्थानिक पतसंस्था यांच्या साहाय्याने महाविद्यालयाने लहानसा निधी उभारावा. त्यातून अनामत व दोन महिन्यांचे भाडे बिनव्याजी आगाऊ द्यावे आणि शासकीय हप्ता अथवा कुटुंबाची हंगामी मिळकत आल्यावर ते परत घ्यावे. परतफेड होत राहिल्यास तीच रक्कम दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडेल.

(३) कुलूपबंद घरांचा उपयोग : ओरोस, कसाल, रानबांबुळी आणि परिसरातील बंद घरांच्या मालकांशी महाविद्यालयाने संपर्क साधावा. घर अडकून पडेल, ही मालकाची मुख्य भीती असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा लेखी व नोंदणीकृत करार आवश्यक असून मुदत संपल्यावर ताबा परत मिळण्याची तरतूद त्यात आहे. महाविद्यालय मध्यस्थ व हमीदार राहिले, देवघर आणि एक खोली मालकाकडे राखून ठेवली आणि गणपतीच्या सुटीत विद्यार्थी आपापल्या घरी जात असल्याने तेवढे दिवस घर मालकाला मोकळे मिळाले, तर दोघांचीही सोय होईल. घर सामाईक असल्यास सर्व हिस्सेदारांची संमती आधी घ्यावी, अन्यथा सदहेतूने केलेल्या कामातून तंटा उद्भवेल. गावाने मुंबईत आपल्या माणसासाठी खोली राखली होती. आता मुंबईकराने आपल्या गावच्या मुलासाठी घर उघडावे, असे हे आवाहन आहे.

(४) बचत गटांची खाणावळ : महिला बचत गटांकडून दोन वेळचे साधे जेवण ठरावीक दरात मिळाल्यास विद्यार्थ्याचा स्वयंपाकाचा वेळ वाचतो आणि परिसरातील महिलांना नियमित काम मिळते. विद्यार्थी-संख्या निश्चित असल्याने अन्न वाया जात नाही आणि दर आटोक्यात राहतो.

(५) कमवा आणि शिका : ग्रंथालय, प्रयोगशाळा, रोपवाटिका, कार्यालयीन नोंदी यांत आठवड्यातील मर्यादित तासांचे काम वसतिगृहातील विद्यार्थ्यांस द्यावे. काम अभ्यासाला पूरक असावे. अभ्यासाची जागा घेणारे नसावे.

(६) एसटीचे वेळापत्रक : सर्वांनाच निवास देणे शक्य नाही. जे रोज ये-जा करणार, त्यांच्यासाठी महाविद्यालयाची वेळ आणि गाडीची वेळ यांचा मेळ घालण्याकरिता प्राचार्य व आगारप्रमुख यांची सत्रारंभी बैठक व्हावी.

९. समारोप

महाविद्यालय आपल्या यशाचे मोजमाप उत्तीर्णांच्या टक्केवारीने करते. त्या टक्केवारीत परीक्षेला बसलेल्यांचा हिशेब असतो. परीक्षेपर्यंत न पोहोचलेल्यांचा नसतो. ज्या विभागात २०२५ मध्ये बारावीला शंभरातील शहाण्णव मुले उत्तीर्ण झाली, तेथे पदवीपर्यंत न पोहोचणाऱ्या मुलांची उणीव बुद्धीची आहे, असे मानण्यास आधार नाही. त्यांच्यापैकी अनेकांची उणीव एका खाटेची, एका ताटाची आणि जून महिन्यातील काही हजार रुपयांची असते.

शाहू महाराजांना आणि कर्मवीरांना हे शतकापूर्वी उमगले होते. त्यांच्याजवळ आजच्याइतके अनुदान नव्हते, निर्वाहभत्ता योजना नव्हत्या, बँक खात्यात थेट रक्कम जमा करण्याची सोय नव्हती. मूल शिकावे असे वाटत असेल तर प्रथम त्याच्या राहण्याची सोय लावली पाहिजे, एवढी साधी समज त्यांच्याजवळ होती. सिंधुदुर्गनगरी ही तुलनेने नवी नगरी आहे. तिची शैक्षणिक घडण अद्याप पूर्ण झालेली नाही. येथे यापुढे जी महाविद्यालये व अभ्यासक्रम येतील, त्यांच्या आराखड्यात वर्गखोल्यांबरोबरच विद्यार्थ्याच्या खोलीचीही रेघ ओढली जावी, ही अपेक्षा अवाजवी ठरू नये.

आणि ती रेघ ओढली जाईपर्यंत प्रत्येक प्राध्यापकाने आपल्या वर्गातील सतत गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याला कारण विचारताना आणखी एक प्रश्न जोडावा : 'तू राहतोस कोठे?' अनेकदा पहिल्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या प्रश्नातच सापडेल.